वेड पांघरून वाचनालयाला

पेडगावच्या माणसाला परगावी स्वतःचं नाव सांगायला काही वाटत नाही, गावाचं सांगायला वाटतं. "कुठले तुम्ही?" "पेडगावचा." समोरचा क्षणभर थांबतो, डोळे मिचकावतो आणि म्हणतो, "वेड पांघरून का?" हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते. बँकेत झाला, सोयरिकीत झाला, एकदा तर सलाईन लावता लावता कंपाउंडरने केला. तेव्हा एकदाचं छापूनच टाकतो. म्हणीतलं पेडगाव आमचं नव्हे. ते श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, बहादूरगडाचं. तिथे मराठ्यांनी मोगलांच्या बहादूरखानाला कसं झुलवलं, त्याची गोष्ट सांगतात. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं. परभणीहून मानवत रोडकडे निघालं की लागतं. पॅसेंजर थांबते, एक्स्प्रेस शिट्टी मारून जाते.

सोंग घेणं मात्र आम्हालाही येतं. नमुना पाहायचा असेल तर वाचनालयात या.

आमच्या पंचक्रोशीत एक ग्रंथपाल आहेत. वाचनालय कुठलं ते सांगत नाही. माणूस कामाचा आहे, नोकरी टिकली पाहिजे. सगळे त्यांना मामा म्हणतात, आपणही म्हणू. तर मामा मध्यंतरी एका दिवसाच्या कार्यशाळेला जाऊन आले. विषय होता 'ग्रंथालये आणि समाजमाध्यमे : संधी व आव्हाने'. (नावात 'संधी व आव्हाने' नसेल तर चहाचं बिल मंजूर होत नसावं.)

"मामा, काय शिकिवलं?"

"ग्रुपात कसं घुसायचं ते."

"आन् मग?"

"मग जेवण."

तपशील असा. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचा चौकोन आला, सगळ्यांनी त्यावर मोबाईल रोखले, हॉलमधले झाडून सगळे ग्रंथपाल एका ग्रुपात शिरले आणि शिरल्या शिरल्या प्रत्येकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. ज्यांना ते पोचलं त्यांनी उलट हात जोडले. जेवणाची सुट्टी होईपर्यंत हेच चाललं. समारोपाला पाहुणे म्हणाले, आजपासून आपण सगळे एकमेकांशी जोडले गेलो आहोत. खोटं नव्हतं. हात तरी जोडलेच होते.

मामांच्या वाचनालयाचा स्वतःचाही एक ग्रुप आहे. त्याचा आठवडा मी एकदा मुद्दाम बसून पाहिला. सोमवारी उगवता सूर्य आणि त्याखाली एक सुविचार. सुविचाराखाली नाव विश्वास नांगरे पाटलांचं, मजकूर कुणाचा ते देव जाणे. मंगळवारी गणपती. बुधवारी एका सभासदाचा वाढदिवस. गुरुवारी स्वामी समर्थ. शुक्रवारी अनुदानवाढीची बातमी, वाचली तेव्हा कळलं की जुनीच आहे. शनिवारी एका घरी दुःखद घटना. तिच्याखाली तिघांनी 'अभिनंदन, असेच पुढे जात राहा' असं लिहिलं, कारण ते अजून बुधवारच्या वाढदिवसातच होते. पुस्तकाचं नाव आठवडाभरात एकदाही नाही. 'वाचनालय' हा शब्द ग्रुपच्या नावात आहे तेवढाच.

असल्या गोंधळांना कंटाळून पुढे वाचनालयाच्या अध्यक्षांनी ग्रुपला कुलूप घातलं. आता फक्त ॲडमिन निरोप पाठवू शकतात. बाकीच्यांनी वाचायचं आणि गप्प बसायचं. आमच्या मराठवाड्याला हे नवं नाही. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण ५३ नावाचं फर्मान होतं: परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. त्या काळात चार माणसं निर्धास्त एकत्र बसायची जागा म्हणजे वाचनालय. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. वर्तमानपत्र वाचायला म्हणून माणसं जमायची आणि वर्तमानाबद्दल बोलायची. आमच्या आजा-पणजांनी वाचनालयाच्या आडोशाने बंदी चुकवली. आमच्या अध्यक्षांनी वाचनालयाच्याच ग्रुपात ती लागू केली. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही मुक्त झालो. ग्रुपचं विलीनीकरण बाकी आहे.

*

ग्रुपात पुस्तक दिसत नाही म्हटलं तर अध्यक्ष रागावतात. "फोटो बघा की! दर कार्यक्रमाचे फोटो असतात." असतात. मी बघितले. सत्काराची शाल असते, नारळ असतो, रिबीन असते, पाहुण्यांच्या दोन्ही बाजूंना पाहुण्यांकडे बघणारी माणसं असतात. कपाटं त्यांच्या पाठीमागे असतात, म्हणजे असावीत. माणसांच्या खांद्यांमधून काचेचा एखादा तुकडा चमकतो.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, कलामांचा वाढदिवस. त्या दिवशी मात्र पुस्तकं फोटोत असतात. दरवर्षी तीच सहा. कडेला 'अग्निपंख'. ही सहा पुस्तकं मामा कुणाला घरी देत नाहीत. का, तर कव्हर खराब होतं, मग फोटोत बरं दिसत नाही. वाचनाची प्रेरणा देण्याच्या कामी लागलेली असल्यामुळे ती वाचायला मिळत नाहीत.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन. रंगनाथनांच्या तसबिरीला हार. हार घातलेल्या तसबिरीचा फोटो. फोटोवर हात जोडलेले. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे. त्या नियमावर गेल्या साली पाहुणे पाऊण तास बोलले.

या फोटोंच्या वेडामागे एक भीती आहे, तीही सांगायला हवी. मे २०१२ मध्ये सरकारने महसूल खात्याची माणसं लावून राज्यभरातल्या वाचनालयांची एकाच वेळी पडताळणी केली. तेव्हा कित्येक वाचनालयं फक्त कागदावर निघाली. कुठे पाटी होती, खोली नव्हती. कुठे खोली होती, तिच्यात कडबा होता. पुढे बरीच वर्षं नवी मान्यता नाही, वर्ग वाढवून मिळणं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. तेव्हापासून ग्रंथपालाने एकच गोष्ट मनावर घेतली: आपण आहोत, याचा पुरावा पाहिजे. आता तर फोटोच्या खालीच अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ छापून देणारा कॅमेरा मोबाईलात आला. मामा त्या कॅमेऱ्याने रोज सकाळी स्वतःचा एक फोटो काढून ठेवतात. त्या अक्षांश-रेखांशावर मामा उभे होते, हे त्यातून अगदी पक्कं सिद्ध होतं. त्या अक्षांश-रेखांशावरून एखादं पुस्तक कुणाच्या घरी गेलं का, ते सांगणारा कॅमेरा अजून यायचा आहे.

पूर्वी वाचनालयं कागदावर होती. आता फेसबुकवर आहेत. कागदाला निदान वाळवी लागायची तरी सोय होती.

*

आणि मग म्हैस हरवली.

रविवारची गोष्ट. कुलूप लागायच्या आधीची. ग्रुपात एका सभासदाने निरोप टाकला: म्हैस सुटली आहे, वय चार वर्षं, शिंगं आखूड आणि मागे वळलेली, कपाळावर पांढरा टिळा, डावा कान चिरलेला, शेवटी स्टेशनच्या अंगाला दिसली, खाली फोटो. अध्यक्षांनी लगेच लिहिलं, हा वाचनाचा ग्रुप आहे, कृपया म्हशीचे निरोप टाकू नयेत. तोवर एकाने कळवलं होतं की टिळा आहे पण कान नीट आहे, ती दुसरी. दुसऱ्याने फोटो टाकला. तिसरा म्हणाला, हीच, माझ्या उसात आहे, या लौकर. दोन तासांत म्हैस दावणीला.

मामा मला म्हणाले, "काय लक्षात येतंय का? शिंग, टिळा, कान, कुठं दिसली, फोटो. आपल्या एका तरी पुस्तकाची एवढी नोंद हाय का?"

मी म्हटलं, दाखल नोंदवही आहे की.

"ती निरीक्षणाला. म्हशीची नोंद लोकायनं वाचली."

इथे मामांना ग्रंथपाल म्हणून मिळणाऱ्या पगाराचं चीज झालं असं माझं मत आहे. तालिकाशास्त्रावर मोठमोठे ग्रंथ आहेत, पण वस्तूचं वर्णन असं करावं की अनोळखी माणसाला ती नेमकी ओळखता यावी आणि कुठे शोधायची ते कळावं, हेच त्या शास्त्राचं सार. ते त्या म्हशीच्या मालकाने चार ओळींत केलं. आणि ते अशा जागी टाकलं जिथे माणसं दिवसातून दहादा बघतात. दाखल नोंदवही मामांच्या कपाटात असते, कपाटाची किल्ली मामांच्या करदोट्याला, आणि मामा बऱ्याच वेळा शेतात.

दुसऱ्या दिवशी मामांनी आयुष्यातलं पहिलं समाजमाध्यमी बंड केलं. माणसं बाजूला केली आणि कॅमेरा कपाटाकडे धरला. एक फळी, एक फोटो. काच उघडून, उजेडात, पुस्तकांच्या पाठी वाचता येतील असा. चार कपाटं, वीसेक फोटो. खाली एकच ओळ: 'यातलं काय पाहिजे ते सांगा, काढून ठेवतो.'

पहिला तास शांतता. कुणीतरी हात जोडले. मग एक निरोप आला: "दुसऱ्या कपाटातली तिसरी फळी, डावीकडून सातवं, लाल पाठीचं. 'बलुतं' आहे का?" आहे. "दोन वर्षांपूर्वी मागितलं तर नाही म्हणाला होतात." मामांनी उत्तर दिलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं न देणं हाही समाजमाध्यमाचा कुशल वापर असतो. मग पुण्याला नोकरीला असलेल्या एकाने फोटो मोठा करून पाहिला आणि एका मधल्या रिकाम्या फटीवर बोट ठेवलं: तिथलं पुस्तक दहावीच्या सुट्टीत नेलं होतं, अजून माझ्याकडेच आहे, येतो तेव्हा आणतो. पस्तीस वर्षं स्मरणपत्रांनी जे झालं नव्हतं ते एका फटीच्या फोटोने झालं.

पण मला ज्याचं खरं नवल वाटलं ते तिसरंच. त्या आठवड्यात मागण्या आल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या होत्या.

आता कुठल्याही गावातल्या वाचनालयाची रचना आठवून पाहा. दार रस्त्यावर, दाराशी बाकडं, बाकड्यावर पेपर आणि पेपरामागे पुरुष. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. सुनेने त्या सगळ्यांच्या समोरून, पदर सावरत, आत जायचं, कपाटापुढे उभं राहून निवांत चाळायचं आणि एक कादंबरी काखेत मारून बाहेर यायचं? बाकड्यावरचा एकेक पेपर खाली येईल. कुणी काही बोलणार नाही. संध्याकाळी घरी मात्र पोचलेलं असेल. म्हणून सभासदांच्या यादीत बायकांची नावं असतात, कारण यादीत ती लागतात, आणि त्या नावांवर पुस्तकं नवरे नेतात किंवा कुणीच नेत नाही.

फोटोमुळे कपाटच चुलीपाशी गेलं. भाकरी थापता थापता फळी बघता येते. पुस्तक शाळेच्या दप्तरातून जातं, दप्तरातूनच येतं. बचतगटाच्या एका बाईंनी दोन महिन्यांत मराठवाड्याच्या कादंबऱ्यांची अख्खी फळी संपवली आणि मामांना खाजगीत लिहिलं, "आता वरच्या फळीचा फोटो जवळून काढा, नावं दिसत नाहीत." मामा खुर्चीवर चढले. नोकरी लागल्यापासून वाचकासाठी खुर्चीवर चढल्याची ही पहिलीच वेळ, असं ते स्वतःच सांगतात.

*

जगात ग्रंथालयांनी समाजमाध्यमं कशी वापरली आहेत, याचे एक-दोन दाखले देतो. दाखले दिले नाहीत तर सदराला वजन येत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात ऑर्कनी नावाची बेटं आहेत. वारा, मेंढ्या आणि थोडी माणसं. तिथल्या ग्रंथालयाने ट्विटरवर शेजारच्या शेटलँड बेटांच्या ग्रंथालयाशी लुटुपुटीचं भांडण उकरून काढलं. तुमच्यापेक्षा आमचं बरं, अशी पोरकट चिडवाचिडवी. ती वाचायला जगभरचे लोक जमू लागले. इतके की २०१५ साली हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाई ऑर्कनीच्या वाचकगटात खरोखरच येऊन बसल्या. त्या ग्रंथालयाने पाहुणे बोलावून फोटो काढला नव्हता. भांडण चांगलं केलं म्हणून पाहुणे आले. भांडणाचा कच्चा माल आपल्याकडे किती! परभणी विरुद्ध हिंगोली एवढं जरी सुरू केलं तरी. (१९९९ पर्यंत दोन्ही एकाच जिल्ह्यात होते, म्हणजे भावकीच.)

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवर, लोक जिथे एकमेकांच्या जेवणाची ताटं बघतात तिथे, अख्खी पुस्तकं वाचायला ठेवली. सुरुवात 'ॲलिस इन वंडरलँड'ने. आमच्या अध्यक्षांना मी हे सांगितलं. त्यांनी 'इन्स्टाग्राम' एवढंच ऐकलं. आठवड्यात वाचनालयाची रील आली. पुतण्याने काढली आहे. अध्यक्ष मोटारसायकलवरून येतात, गॉगल काढतात, दार ढकलतात, मागे ढोल. दार उघडतं आणि रील संपते. आत काय आहे ते गुलदस्त्यातच.

*

म्हशीने डोळे उघडल्यापासून मामा थांबायला तयार नाहीत. आसपासच्या पाच गावांतल्या ग्रंथपालांना धरून त्यांनी गूगल शीटवर एक सामायिक यादी सुरू केली. कुणाकडे कुठलं पुस्तक, एका जागी. आपल्याकडे नसेल तर शेजारून आणून द्यायचं. कल्पना सोन्यासारखी. आमच्याच परभणीत कृषी विद्यापीठाचं ग्रंथालय देशभरातल्या कृषी संस्थांबरोबर संशोधनाची मासिकं सामायिक वापरतं. त्यांना जमतं तर आपल्याला का नाही, असा मामांचा सवाल.

जमेना, त्याची कारणं शास्त्रीय होती. एका गावाची यादी पूर्वी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून घेतलेली. ती शीटमध्ये चिकटवल्यावर खांडेकर आणि फडके इंग्रजी अक्षरांच्या आणि टोप्यांच्या रांगा होऊन बसले. जुन्या फॉन्टात अक्षर फक्त दिसायला मराठी असतं, आतून परकं. यादी युनिकोडमध्ये परत टाइप करायचं ठरलं. मामांनी माईकचं बटण दाबून बोलून टाइप करायला घेतलं. 'ययाती' नीट उमटलं. 'बनगरवाडी'चं यंत्राने दोनदा 'बंगल्यावर गाडी' केलं.

मग पु. ल. देशपांडे. एका गावात 'पु.ल.', दुसऱ्यात 'पुल', तिसऱ्यात 'देशपांडे पु ल', चौथ्यात 'पुलं', पाचव्यात 'भाई'. शीटच्या मते हे पाच लेखक. ग्रंथालयशास्त्रात यासाठी नामनिश्चिती असते, म्हणजे एका लेखकाचं एकच रूप सगळ्यांनी पाळायचं. पाच मराठी माणसांनी एक नाव सर्वानुमते ठरवायचं! त्या एका मुद्द्यावर ग्रुपात जे झालं त्यापुढे ऑर्कनी-शेटलँड काहीच नाही.

आणि एका रात्री कुणीतरी यादी अकारविल्हे लावायला गेलं. पुस्तकांच्या नावांचा रकाना तेवढा निवडला, लेखकांचा तसाच ठेवला आणि बटण दाबलं. सकाळी उठून पाहतो तो मराठी साहित्याचा इतिहास नव्याने लिहिला गेलेला. 'कोसला', लेखक साने गुरुजी. 'श्यामची आई', लेखक भालचंद्र नेमाडे. 'मृत्युंजय' दया पवारांच्या नावावर. 'स्वामी' कुणा पाककृतीवाल्या बाईंच्या. मी तासभर ती यादी वाचत बसलो. एवढा आनंद मला अलीकडे कुठल्याच समीक्षेने दिला नव्हता.

मामा मटकन खाली बसले. मग कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीने सांगितलं की शीटमध्ये जुनी आवृत्ती परत आणता येते. "आवृत्ती?" मामांच्या ओळखीची आवृत्ती म्हणजे तेच पुस्तक, नवं कव्हर, दीडपट किंमत. ही फुकट निघाली. काल संध्याकाळची प्रत परत आली, नेमाडे 'कोसला'पाशी पोचले. त्या दिवसापासून यादीत हात घालायचा अधिकार मामा आणि ती पोरगी, दोघांनाच. बाकीच्यांनी बघायचं. हो, हे पुन्हा गश्ती निशाणच. पण इथे मी मामांच्या बाजूने आहे. गप्पांना कुलूप नको, नोंदीला हवं. आमच्याकडे नेमकं उलट असतं.

हे सगळं करणाऱ्या माणसाला काय मिळतं, ते एकदा बोलून टाकू. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला कित्येक वर्षं सालाचे ३०,००० रुपये अनुदान होतं. त्यातलं निम्मं पगाराचं, म्हणजे महिन्याला १,२५०. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढ मंजूर केली. ती धरली तरी तेव्हा महिन्याचे २,००० झाले. शेतमजूर आठवड्यात याहून जास्त कमावतो. त्यात मोबाईल स्वतःचा, रिचार्ज स्वतःचा, आणि कार्यशाळेत शिकवतात की ग्रंथपालाने 'डिजिटल' व्हावं. १९६७ चा आपला ग्रंथालय कायदा. तमिळनाडू, कर्नाटकाप्रमाणे त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही, त्यामुळे हक्काचा पैसाही नाही. बनी तो बनी, नहीं तो परभणी, असं आमच्याबद्दल म्हणतातच. मामांनी ते मनाला लावून घेतलेलं नाही. मी घेतो.

*

आता मामांची एक चूकही सांगतो, नाहीतर त्यांचा पुतळाच उभा राहायचा. ग्रुपात ते पीडीएफ टाकायचे. हयात लेखकांच्या, दुकानात विकायला असलेल्या, ताज्या कादंबऱ्या. कुणीतरी पानं उघडून कॅमेऱ्याने काढलेल्या, वर 'फक्त वाचनसंस्कृतीसाठी' असं लिहिलेल्या. लेखकाच्या खिशात हात घालून संस्कृती वाढवायचा हा उद्योग राज्यभर जोरात आहे आणि दिवाळीत, दिवाळी अंकांमुळे, तो कळसाला जातो. २०२० च्या एप्रिलपासून व्हॉट्सॲपने फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवायचं बंधन घातलं. एका वाचकाला एका वेळी एकच पुस्तक, हा तर आमचा जुना नियम. पण पीडीएफवाल्यांनी त्यालाही वाट काढली.

मी म्हटलं, मामा, जे उघड्यावर ठेवायला कायद्याची आडकाठी नाही ते कुणी ठेवत नाही, आणि ज्याला आहे ते सगळे वाटतात, हे काय गौडबंगाल? आपल्या कायद्यात लेखक वारल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतो. बी. रघुनाथ घ्या. सातोन्याचे, सातोना आपल्याच रुळांवर, सेलूच्या पुढे. बांधकाम खात्यात कारकुनी केली, आयुष्य परभणीत काढलं, ७ सप्टेंबर १९५३ ला चाळिशीतच गेले. म्हणजे १ जानेवारी २०१४ पासून, त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं, कुणीही उतरवून घ्यावं, विकिस्रोतावर चढवावं, जगाने वाचावं. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, त्यात कार्यक्रम होतात, कार्यक्रमांचे फोटो निघतात. पुस्तकं मात्र शोधावी लागतात.

मामांना लागलं ते. रात्री त्यांनी कपाट उपसलं. तळाच्या फळीवर, मागच्या रांगेत, बी. रघुनाथांची एक कादंबरी निघाली. नाव 'जगाला कळले पाहिजे'. कार्यशाळावाल्यांनी पुढच्या वेळी हेच नाव वापरावं, 'संधी व आव्हाने'पेक्षा बरं आहे.

पोरगी पानापानाचे फोटो काढायला बसली. मधलाच एक फर्मा गायब. सोळा पानं. वाळवीचं काम नव्हतं; शिवणीपासून सुटून कधीतरी गळाला होता.

मामांनी कार्यशाळेच्या त्या मोठ्या ग्रुपात निरोप टाकला. म्हशीच्या धर्तीवर: पुस्तकाचं नाव, लेखक, कितवी आवृत्ती, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत नाही, कव्हरचा फोटो. पाच मिनिटांत उत्तरं आली. अकरा जणांनी हात जोडले. दोघांनी 'अभिनंदन' लिहिलं. एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि तेवढाच एक, उशिरा का होईना, बी. रघुनाथांच्या संदर्भात बरोबर होता. मामांनी मोबाईल उपडा ठेवला आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

चौथ्या दिवशी रुळांच्या पलीकडच्या एका गावातून उत्तर आलं. ग्रंथपाल नवखा असावा, त्याने हात जोडले नव्हते. "आमच्याकडं हाय. पुस्तक देत नाही, फोटो टाकतो." आणि खरंच सोळाच्या सोळा पानं आली. स्वच्छ, सरळ, उजेडात काढलेली. फक्त प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात, शेवटच्या दोन ओळींवर, एक जाडजूड अंगठा. सोन्याची अंगठी घातलेला.

मामांनी विचारलं, "पानं झकास आली. पण हा अंगठा कुणाचाय? मजकूर झाकायलाय."

तिकडून उत्तर आलं: "अध्यक्षसाहेबांचा. फोटो निघायलाय म्हणल्यावर ऐकंनात."